नाशिकच्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाचं एन्झाइम

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टचे विषय ठरत होते, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी द्राक्षावरची बुरशी, वाइनचं यीस्ट, कांद्याची सड किंवा गोदावरीचं पाणी यांतलं काहीतरी घेतलं. नाशिकला ते साहजिकच आहे, नमुना दाराशी मिळतो. माझ्या वाट्याला मात्र दक्षिण महासागरातला एक जिवाणू आला. आमच्या गाईड मॅडमच्या ओळखीतून गोव्याच्या एका प्रयोगशाळेने तो पाठवायची तयारी दाखवली होती. कॉलवेलिया या वंशातला, अंटार्क्टिकाजवळच्या पाण्यातून वेगळा केलेला आणि १८ अंशांच्या वर अजिबात न वाढणारा. त्याचं एक एन्झाइम (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) उष्णतेने कधी आणि कसं बिघडतं हे मोजायचं, एवढाच विषय. हे काम कसं केलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण महागडी यंत्रं नसलेल्या कॉलेजातही ते नीट होऊ शकतं, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

आधी थोडं त्या जिवाणूबद्दल. समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोकण किनाऱ्याचं कोमट पाणी येतं. पण पृथ्वीवरच्या समुद्राचं बहुतेक पाणी ५ अंश सेल्सिअसपेक्षा गार आहे, आणि ध्रुवांजवळ ते उणे १.९ अंशांपर्यंत उतरलं तरी मिठामुळे पातळच राहतं. तिथे राहणाऱ्या जिवाणूंना थंडी 'सहन' करावी लागत नाही, तीच त्यांची रोजची हवा असते. रिचर्ड मोरिता यांनी १९७५ मध्ये शीतप्रेमी जिवाणूंची व्याख्या नेमकी करून दिली: वाढीला सर्वांत अनुकूल तापमान १५ अंश किंवा त्याहून कमी, कमाल तापमान २० च्या आसपास आणि किमान शून्य किंवा त्याखाली. फ्रिजमधल्या दुधात वाढणारे बरेच जिवाणू या व्याख्येत बसत नाहीत. ते थंडीत तग धरतात, पण २५-३० अंशांना जास्त जोमाने वाढतात. माझा जिवाणू खऱ्या अर्थाने शीतप्रेमी होता. कॉलवेलिया हे नाव रीटा कॉलवेल यांच्यावरून दिलेलं आहे. कॉलऱ्याचा जिवाणू आणि समुद्र यांचं नातं ज्यांनी उलगडलं, त्याच या.

आणि प्रश्न काय होता? कोणत्याही सर्वसाधारण एन्झाइमचं काम तापमान १० अंशांनी उतरलं की दोन ते तीन पटींनी मंदावतं. म्हणजे आपल्या शरीरातलं, ३७ अंशांना चालणारं एन्झाइम शून्य अंशाला नेलं तर त्याचा वेग पंधरा-वीस पटींपासून पन्नास पटींपर्यंत घटू शकतो. अशा वेगावर जगणं अवघड. तरी हे जिवाणू जगतात, वाढतात, कारण त्यांची एन्झाइमं सैल बांधणीची असतात. प्रथिनाची घडी घट्ट धरून ठेवणारे दुवे त्यांच्यात कमी असतात. प्रथिन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यांपैकी वळणांवर प्रोलिन कमी, आर्जिनिनचे विद्युतभारित बंध कमी, गाभ्यातली दाटी कमी. सगळीकडे हे सगळंच असतं असं नाही, पण कल एकच. त्यामुळे थंडीतही एन्झाइमच्या क्रियाशील जागेची हालचाल सहज होते. पण थंडीत जो सैलपणा कामी येतो, तोच जरा ऊब लागली की घात करतो. म्हणून मला या एन्झाइमच्या उष्णतेने बिघडण्याला दुबळेपणा म्हणवत नाही. थंडीतल्या वेगाची ती किंमत आहे.

मी मॅलेट डिहायड्रोजिनेज निवडलं, पेशीच्या ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम. कारण एक तर त्याची चाचणी स्वस्त आणि सरळ आहे, आणि दुसरं म्हणजे या विषयातलं जुनं, पायाभूत काम याच एन्झाइमवर झालेलं आहे. व्हिब्रिओ मॅरिनस नावाच्या शीतप्रेमी सागरी जिवाणूतलं हे एन्झाइम मध्यम तापमानालाच निकामी होतं, हे लँग्रिज आणि मोरिता यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. तोच जिवाणू आज मोरिटेला मरिना या नावाने ओळखला जातो.

कल्चर डिसेंबरात आलं. थर्माकोलच्या खोक्यात, जेल पॅकच्या मधोमध गुंडाळलेली स्लँट, म्हणजे तिरप्या अगारवर जिवाणू वाढवलेली नळी. नाशिकची थंडी तेव्हा ऐन भरात होती. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि बागाईतदार रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. आमचीही बाग त्याच तालुक्यात आहे. ज्या थंडीला बाबा घाबरत होते तीच थंडी माझ्या कामाला मदत करत होती, हे मला तेव्हा फार जाणवायचं. सकाळी सातला लॅब उघडली की टेबल, काचेची भांडी, डिस्टिल्ड वॉटर सगळंच गार मिळे. जिवाणू वाढवण्याचं आणि त्याची ओळख पक्की करण्याचं सगळं काम मी फेब्रुवारीच्या आत उरकलं.

वाढवण्यासाठी झोबेल मरीन ब्रॉथ वापरला. सागरी जिवाणूला नुसतं मीठ पुरत नाही, मॅग्नेशियम, कॅल्शियमसुद्धा लागतं, ते यात असतं. इन्क्युबेटर म्हणजे आमच्याकडचा नेहमीचा, गारही करता येणारा बीओडी इन्क्युबेटर, तो ८ अंशांवर लावला. ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला नेहमीचा जिवाणू एका रात्रीत फ्लास्क गढूळ करतो, याला आठवडा लागे. लाईट गेली तर आतलं तापमान चढू नये म्हणून खालच्या कप्प्यात मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या ठेवल्या होत्या आणि रोज त्या बदलत होते. दुसरी एक काळजी म्हणजे, इनॉक्युलेशन करताना (जिवाणू नव्या माध्यमात सोडताना) लूप म्हणजे तारेचा फास तापवून लाल केला की तो पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं, आणि प्लेटमध्ये ओतलेलं अगार आधीच घट्ट झालेलं पाहिजे. ४५ अंशांचं वितळलेलं अगार जिवाणूवर ओतायची पोअर प्लेटची पद्धत इथे बाद. ज्याला आपण 'कोमट' म्हणतो ते याच्यासाठी जीवघेणं असतं.

पेशी गोळा करायच्या त्या कूलिंग सेंट्रिफ्यूजमध्ये, ४ अंशांवर. रोटर आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवायचा. पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) धुवायचं ते मिठाच्या बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने), साध्या बफरने धुतलं तर सागरी पेशी फुटू लागतात आणि एन्झाइम धुण्याच्या पाण्यातच निघून जातं. मग सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडणं. सोनिकेटरचं टोक द्रवात उष्णता निर्माण करतं, म्हणून ट्यूब बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणात ठेवून दहा सेकंद आवाज, तीस सेकंद विश्रांती, असं करत राहायचं. ई. कोलायचं एन्झाइम असतं तर एवढं जपावं लागलं नसतं. इथे मात्र मोजायच्या आधीच एन्झाइम तापलं, तर पुढचे सगळे आकडे व्यर्थ.

बफरबद्दल मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "अगं, ट्रिस घेऊ नकोस," त्या म्हणाल्या, "२५ अंशांना पीएच ८ लावशील आणि ५ अंशांना तो साडेआठच्या वर गेलेला असेल." ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०३ ने सरकतो. तापमानच बदलत राहणाऱ्या प्रयोगात हे फार होतं, एन्झाइम उष्णतेने मंदावलं की पीएचने, हे कळणारच नाही. म्हणून सगळीकडे पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७.५. त्याचा पीएच तापमानाने नगण्य हलतो. या विषयात काम सुरू करणाऱ्या कोणालाही मी पहिल्यांदा हेच सांगेन.

चाचणी अशी: ऑक्झॅलोअॅसिटेट आणि एनएडीएच (एन्झाइमला कामासाठी लागणारा जोडीदार, म्हणजे सहएन्झाइम) क्युव्हेटमध्ये, छोट्या पारदर्शक नळीत, घ्यायचं, एन्झाइम टाकायचं आणि ३४० नॅनोमीटरला शोषण किती वेगाने उतरतं ते पाहायचं. एनएडीएच या तरंगलांबीला प्रकाश शोषतं, वापरून झाल्यावर तयार होणारं एनएडी शोषत नाही, त्यामुळे आकडा जितका भराभर खाली येईल तितकं एन्झाइम जिवंत. ऑक्झॅलोअॅसिटेट द्रावणात आपोआप मोडत जातं, म्हणून ते रोज ताजं करून बर्फात ठेवायचं. कच्च्या अर्कात (पेशी फोडून मिळालेल्या द्रवात) एनएडीएच खाणारी दुसरीही एन्झाइमं असतात, म्हणून प्रत्येक वेळी ऑक्झॅलोअॅसिटेट न घालता एक ब्लँक घ्यायचा आणि तो वजा करायचा. स्पेक्ट्रोफोटोमीटर एसीच्या खोलीत होता, खोली २० अंशांवर ठेवून सगळी रीडिंग तिथेच घेतली.

आता खरी अडचण. एन्झाइम २०, २५, ३०, ३५ आणि ४० अंशांना दहा-दहा मिनिटं ठेवायचं आणि मग बर्फात घालून उरलेली क्रिया मोजायची. मार्च संपत आला होता, लॅबचं तापमान ३४, गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी त्याहून गरम. आमच्या वॉटर बाथला तापवता येतं, गार करता येत नाही. ३५ आणि ४० ला तो ठीक, पण २०, २५, ३० अंश कुठून आणायचे? तापमान नियंत्रित करणारा, गारही करणारा बाथ लाखाच्या घरात जातो.

उपाय लॅबमधल्या मामांनी काढला. मी थर्माकोलच्या खोक्यात पाणी भरून बर्फाचा चुरा टाकत होते आणि तापमान खालीवर नाचत होतं. मामा बराच वेळ बघत होते. "ताई, चुरा नका टाकू, तो एकदम विरघळतो आणि एकदम गार करतो," ते म्हणाले. "लादीचा एकच मोठा तुकडा घ्या, पिशवीत बांधून बाजूला सोडा. लागेल तसा आत-बाहेर करा." त्यांनी आइस फॅक्टरीतून लादी आणली, झाकणाला ट्यूबच्या मापाची भोकं पाडली आणि मत्स्यटाकीचा छोटा पंप आत सोडून दिला, म्हणजे पाणी फिरत राहील. थर्मामीटर ट्यूबच्या शेजारी. पिशवी दोन बोटं वर-खाली करून मी पाणी अर्ध्या अंशाच्या आत धरून ठेवायला शिकले. पुढे शेजारच्या विभागाचं पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) एका सुट्टीच्या दिवशी वापरायला मिळालं, ते हवं ते तापमान अचूक धरतं. त्यावर हेच प्रयोग पुन्हा केले आणि आकडे जुळले. मामांना ते सांगितलं तेव्हा त्यांना झालेला आनंद मला माझ्या मार्कांपेक्षा मोलाचा वाटतो.

आकडे काय निघाले? २० अंशांना दहा मिनिटांत काहीही फरक नाही. २५ ला थोडी घट. ३० ला साधारण निम्मी क्रिया उरली. ३५ ला नावापुरती. ४० ला पहिल्या मिनिटातच सगळं संपलं. त्याच बफरात, त्याच बाथमध्ये ठेवलेलं ई. कोलायचं एन्झाइम ४० ला दहा मिनिटांनी जसंच्या तसं. तापवलेलं एन्झाइम रात्रभर बर्फात ठेवून पाहिलं, क्रिया परत आली नाही. म्हणजे बिघाड तात्पुरता नव्हता. कच्च्या अर्कातले प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) माझं एन्झाइम खात असतील ही शंका होती. पीएमएसएफ घालून त्यांना रोखलं, तरी घट तेवढीच. तेव्हा दोष उष्णतेचाच.

यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त विचार करायला लावून गेली. पाठ्यपुस्तकात प्रत्येक एन्झाइमचं एक 'ऑप्टिमम तापमान' दिलेलं असतं, डोंगरासारखा आलेख आणि त्याचं टोक. मी वेगवेगळ्या तापमानांना सरळ क्युव्हेटमध्येच क्रिया मोजली. पहिल्या मिनिटाचा वेग धरला तर टोक ३० अंशांच्या जवळ आलं. म्हणजे जिवाणू १८ ला वाढायचा थांबतो आणि त्याचं एन्झाइम ३० ला सर्वांत वेगात! पण तोच प्रयोग पाच मिनिटं चालू ठेवून एकूण किती काम झालं ते मोजलं की टोक बरंच खाली सरकलं. कारण ३० ला एन्झाइम वेगाने काम करतं आणि त्याच वेळी वेगाने मरतही असतं. मिनिटभर पाहिलं तर काम दिसतं, पाच मिनिटं पाहिलं तर मरण दिसतं. ते टोक एन्झाइमइतकंच घड्याळाचंही असतं. तेव्हापासून कुठल्याही पेपरमध्ये 'ऑप्टिमम' वाचलं की मी आधी चाचणी किती मिनिटांची होती ते शोधते.

याचाच आणखी खोल पुरावा अंटार्क्टिकातल्या स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस या सागरी जिवाणूच्या अमायलेजमध्ये (स्टार्च मोडणाऱ्या एन्झाइममध्ये) आहे. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात जॉर्जेस फेलर आणि चार्ल्स गर्डे यांच्या गटाने त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९९८ मध्ये त्याची रचना स्फटिकावरून उलगडली गेली. त्याची घडी उलगडते ४४ अंशांच्या सुमाराला, डुकराच्या स्वादुपिंडातलं तशाच घडणीचं अमायलेज ६५ पर्यंत टिकतं. पण महत्त्वाचं पुढे आहे. अंटार्क्टिकच्या अमायलेजची क्रिया ३० च्या आसपासच उतरू लागते, घडी शाबूत असताना. म्हणजे आधी ढिली पडते ती क्रियाशील जागा, उरलेलं प्रथिन नंतर. सगळ्या रेणूत सर्वांत नाजूक जागा नेमकी तीच, जिथे थंडीत काम करण्यासाठी सर्वांत जास्त मोकळीक ठेवलेली आहे. माझ्याकडे हे पाहायचं यंत्र नव्हतं, पण माझे आकडे हातात घेऊन हे वाचलं तेव्हा ते कागदावरचं राहिलं नाही.

दोन छोट्या तपासण्या शेवटी केल्या. अर्क तापवताना त्यात एनएडीएच आधीच घालून ठेवलं तर ३० अंशांना जास्त क्रिया टिकली. जागेवर जोडीदार बसलेला असला की घडी सावरते. ग्लिसरॉलनेही टिकाव वाढला. दुसरं, अर्क न काढता अख्ख्या पेशी ३० ला ठेवल्या, मग गार करून फोडल्या, तर एन्झाइम अर्कातल्यापेक्षा चांगलं टिकलेलं आढळलं. पेशीच्या आत प्रथिनांची दाटी, क्षार, सहएन्झाइमं असतात, तिथे ते एकटं नसतं. म्हणून परीक्षानळीतल्या आकड्यावरून पेशीबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, हे मी प्रबंधात ठळकपणे लिहिलं.

'याचा उपयोग काय?' हे घरी आणि दारी दोन्हीकडे विचारलं गेलं. उपयोग आहे, आणि तो या बिघडण्याचाच आहे. जनुकांच्या कामात डीएनएच्या टोकाचा फॉस्फेट काढायला फॉस्फटेज लागतं आणि काम झाल्यावर ते पूर्ण बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या पायरीत ते ढवळाढवळ करतं. वासराच्या आतड्यातलं फॉस्फटेज तापवून बंद करणं कठीण. अंटार्क्टिकच्या जिवाणूचं फॉस्फटेज काही मिनिटं तापवलं की कायमचं थांबतं, म्हणून ते जगभर विकलं जातं. पीसीआरमधलं जुनं प्रदूषण (आधीच्या वेळचा उरलेला डीएनए) काढायला वापरतात ते उष्णतेने सहज नष्ट होणारं यूडीजी हे एन्झाइमसुद्धा शीतप्रेमी सागरी जिवाणूकडूनच मिळालेलं. बाबांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे काम झालं की आपोआप बाजूला होणारा गडी." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी थेट वर्मावर बोट ठेवलं. "वाढ १८ ला थांबते आणि तुमचं एन्झाइम २० ला शाबूत. मग पेशीला थांबवतं कोण?" मी सांगितलं की माझ्या आकड्यांवरून मॅलेट डिहायड्रोजिनेज हे थांबण्याचं पहिलं कारण असू शकत नाही. पेशीच्या पटलावरही, म्हणजे तिच्या पातळ आवरणावरही, शंका घ्यावी लागेल. व्हिब्रिओ मॅरिनस तापवल्यावर पेशीतला माल बाहेर गळतो हे मोरितांच्याच प्रयोगशाळेने १९६६ मध्ये दाखवलं होतं. शिवाय एखादं याहून नाजूक एन्झाइम आधी पडत असेल. सरांनी मान डोलावली आणि विचारलं, "कोणतं पाहाल?" मी आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज म्हटलं. जपानमध्ये व्हिब्रिओ म्हणून अभ्यासल्या गेलेल्या एका शीतप्रेमी सागरी जिवाणूत (आता तो कॉलवेलिया वंशात गणला जातो) या एन्झाइमचे दोन प्रकार सापडलेले आहेत, एक उष्णतेला बऱ्यापैकी टिकणारा आणि दुसरा लगेच बिघडणारा. एकाच पेशीत दोन्ही. आमच्या कॉलवेलियात असं काही आहे का, हे बघायलाच हवं.

तो प्रश्न आता माझ्या ज्युनिअरने घेतला आहे. जिवाणूचे ग्लिसरॉल स्टॉक डीप फ्रीझरमध्ये आहेत, एक संच गोव्याला परत पाठवला. थर्माकोलचं खोकं, पंप आणि बर्फाच्या पिशवीची मापं मी तिला लिहून दिली आहेत, आणि गरम करण्याचे सगळे प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच उरकायला सांगितलं आहे. तेव्हा बर्फ कमी लागतो आणि २० अंश धरून ठेवणं सोपं जातं.